17 माणसं, 38 लाख चौरस किलोमीटर

16 मार्च 2024 रोजी अरबी समुद्रात एक लढाई संपली. एका बाजूला भारतीय नौदलाची आयएनएस कोलकाता ही विनाशिका होती. दुसऱ्या बाजूला ‘रुएन’ नावाच्या पळवलेल्या मालवाहू जहाजावर ठाण मांडून बसलेले 35 सोमाली चाचे होते. 40 तासांहून अधिक काळ ही झुंज चालली. चाच्यांनी युद्धनौकेवर गोळीबार केला, तिचं ड्रोन पाडलं. अखेर 35 च्या 35 जणांनी शस्त्रं टाकली आणि त्यांनी ओलीस ठेवलेले 17 खलाशी सुखरूप सुटले. मृत ओलिसांचा आकडा शून्य, जखमींचाही शून्य.

आरमारी युद्धांच्या इतिहासात ही चकमक किरकोळ गणली जाईल. तिच्यामागचे आकडे मात्र किरकोळ नाहीत. ते एकेक करून मांडले की समुद्र केवढा, माणूस केवढा आणि सुरक्षितता नावाच्या गोष्टीची किंमत केवढी, हे लख्ख दिसतं.

हा हिशेब बेळगाव-निपाणीच्या मापानं मांडायला हवा, कारण आपण समुद्राला विसरलेले लोक आहोत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर वसलेलं. मध्ये सह्याद्री आडवा. इथल्या घराघरातून लष्करात जाण्याची रीत आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, सांबऱ्याला हवाई दलाचे जवान घडतात. नौदलाशी मात्र आपली फारशी ओळख नाही. वास्तविक समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपासच आहे, आणि आपलं रोजचं जगणं त्याच्या भरवशावर चालतं.

एका जहाजाच्या पोटात किती मावतं?

‘रुएन’मध्ये सुमारे 37,800 टन माल होता. हा आकडा नुसता वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. एका मोठ्या ट्रकमध्ये 25 टन माल भरला असं धरू. मग या एका जहाजाचा माल उतरवायला 1,512 ट्रक लागतील. ते राष्ट्रीय महामार्ग 48 वर एकामागे एक, दर 50 मीटरला एक असे उभे केले, तर रांग 75 किलोमीटरच्या वर जाते. म्हणजे पहिला ट्रक निपाणीत आणि शेवटचा बेळगावात. मधला तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, यमकनमर्डी, वंटमुरी घाट, काकती हा सारा रस्ता ट्रकांनी भरलेला.

आता ही संपूर्ण रांग हाकायला माणसं किती लागतील? ट्रकवर एकेक चालक धरला तरी दीड हजार. जहाजावर होते 18 खलाशी. समुद्री वाहतूक स्वस्त का पडते याचं उत्तर या एका तुलनेत आहे. वजनानं मोजला तर भारताचा सुमारे 95 टक्के परदेशी व्यापार समुद्रमार्गे होतो, किमतीनं मोजला तर सुमारे 70 टक्के. आणि चाच्यांचा धंदा का चालतो याचंही उत्तर त्याच तुलनेत आहे. दीड हजार ट्रकांना वेढा घालायला फौज लागेल. अठरा नि:शस्त्र माणसांना धाकात ठेवायला मूठभर बंदुका पुरतात.

‘रुएन’ 14 डिसेंबर 2023 रोजी पळवलं गेलं. जहाजावर झेंडा माल्टाचा, मालकी बल्गेरियन कंपनीची. दक्षिण कोरियाहून ते तुर्कस्तानकडे निघालं होतं. 2017 नंतर सोमाली चाच्यांना यशस्वीपणे पळवता आलेलं हे पहिलंच मोठं व्यापारी जहाज. एका जखमी खलाशाला चाच्यांनी सोडलं, त्याला आयएनएस कोचीनं ताब्यात घेऊन उपचार दिले. उरलेल्या 17 जणांनी चाच्यांच्या बंदुकीखाली 93 दिवस काढले. त्यांत 9 म्यानमारचे, 7 बल्गेरियाचे आणि 1 अंगोलाचा होता. भारतीय एकही नव्हता. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

पाणी किती, डोळे किती?

अरबी समुद्राचं क्षेत्रफळ सुमारे 38 लाख 60 हजार चौरस किलोमीटर आहे. बेळगाव हा कर्नाटकातला आकारानं सर्वांत मोठा जिल्हा, 13,415 चौरस किलोमीटरचा. असे 287 बेळगाव जिल्हे एका अरबी समुद्रात मावतात. आणि अरबी समुद्र हा हिंदी महासागराचा एक कोपरा आहे. हिंदी महासागर सात कोटी चौरस किलोमीटरच्या पुढे जातो.

एवढ्या पाण्यावर नजर ठेवायची म्हणजे काय? पृथ्वी गोल असल्यामुळे नजरेला मर्यादा पडते. पाण्यापासून 25 मीटर उंचावर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज साधारण 18 किलोमीटरवर दिसतं. म्हणजे त्याच्या नजरेच्या टप्प्यात हजार चौरस किलोमीटरचं एक वर्तुळ येतं. अरबी समुद्राचा प्रत्येक तुकडा अशा नजरेखाली ठेवायचा, तर एकाच वेळी सुमारे 3,800 नौका पाण्यावर हव्यात. भारतीय नौदलाकडे सगळ्या प्रकारची मिळून दीडशेच्या आत-बाहेर जहाजं आहेत.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. 14 डिसेंबर 2023 ते 23 मार्च 2024 या शंभर दिवसांत ‘ऑपरेशन संकल्प’ या मोहिमेखाली नौदलानं 21 हून अधिक जहाजं आणि 5,000 हून अधिक माणसं समुद्रात उतरवली. जहाजांचे एकूण कामाचे दिवस भरले 450 हून अधिक. 450 ला 100 नं भागलं की कळतं, कोणत्याही एका दिवशी सरासरी साडेचार युद्धनौका पहाऱ्यावर होत्या. 21 जहाजं आळीपाळीनं जुंपली तेव्हा कुठे साडेचार सतत उभी राहिली, कारण नौकेला बंदरात यावं लागतं, इंधन आणि शिधा भरावा लागतो, यंत्रं दुरुस्त करावी लागतात, माणसांना विश्रांती द्यावी लागते.

नुसत्या अरबी समुद्राची वाटणी केली तरी एकेका नौकेच्या वाट्याला साडेआठ लाख चौरस किलोमीटर येतात. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3,07,713 चौरस किलोमीटर. म्हणजे एका नौकेनं पावणेतीन महाराष्ट्रांची राखण करायची, आणि तीही खुणा नसलेल्या सपाट पाण्यावर. म्हणूनच या शंभर दिवसांत टेहळणी विमानांनी 900 तास उड्डाण केलं. रोजचे नऊ तास. विमानाची नजर नसेल, तर युद्धनौका त्या पसाऱ्यात चाचपडतच राहील.

अर्धा तास

चाच्यांची होडी लहान, वेगवान आणि पाण्यालगत असते. तिचा वेग 25 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 46 किलोमीटर धरू. मालवाहू जहाज 14 नॉटनं, म्हणजे ताशी 26 किलोमीटरनं चाललंय. दोघांतला फरक ताशी 20 किलोमीटर. होडी दहा किलोमीटरवर दिसली, तर जहाज तिच्यापुढे पळत असतानाही अर्ध्या तासात ती येऊन भिडते. मग शिडी लागते, चार-पाच माणसं वर चढतात, आणि कप्तानाच्या कानाला बंदूक लागली की जहाज त्यांचं होतं.

त्याच वेळी शंभर किलोमीटरवर युद्धनौका असली, तरी 30 नॉट म्हणजे ताशी 55 किलोमीटरच्या वेगानं तिला पोहोचायला पावणेदोन तास लागतात. ‘रुएन’ला गाठलं ते ठिकाण भारताच्या किनाऱ्यापासून 1,400 सागरी मैलांवर, म्हणजे जवळपास 2,600 किलोमीटरवर होतं. तेवढं अंतर पूर्ण वेगानं एक क्षणही न थांबता कापायचं ठरवलं तरी 47 तास लागतील. भारताची उत्तर-दक्षिण लांबी 3,214 किलोमीटर आहे, त्याच्या चार-पंचमांश हे अंतर.

अर्धा तास आणि 47 तास. चाचेगिरीविरुद्धची सगळी लढाई या दोन आकड्यांमधल्या दरीत चालते. संकटाची हाक आल्यावर निघून उपयोग नसतो, नौका आधीच तिथे असावी लागते. 23 ऑक्टोबर 2008 पासून भारतीय नौदल एडनच्या आखातात गस्त घालतं आहे ते याचसाठी. मधल्या वर्षांत चाचे थंडावले तरी ही गस्त थांबली नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, जगाच्या आरमारांचं लक्ष तिकडे गेलं, आणि ती संधी साधून चाचे पुन्हा बाहेर पडले. तेव्हा तिथे आपली नौका होती.

एक रुपया आणि तीनशे चाळीस रुपये

2010 या एका वर्षात सोमाली चाच्यांनी 49 जहाजं पळवली आणि 1,016 माणसं ओलीस ठेवली. 2011 मध्ये त्यांच्या नावावर 237 हल्ले नोंदले गेले. जागतिक बँकेच्या 2013 च्या अभ्यासानुसार एप्रिल 2005 ते डिसेंबर 2012 या काळात 179 जहाजं पळवली गेली आणि त्यांच्या सुटकेसाठी 33.9 कोटी ते 41.3 कोटी डॉलर खंडणी मोजली गेली. वरचा आकडा धरला तरी वर्षाला 5.3 कोटी डॉलर पडतात.

आणि जगाचं नुकसान? त्याच बँकेनं केलेला अंदाज आहे वर्षाला 1,800 कोटी डॉलर. विम्याचे वाढलेले हप्ते, लांबच्या वळणाचं इंधन, सशस्त्र रखवालदार, आटलेला व्यापार हे सगळं त्यात आलं. म्हणजे चाच्याच्या हाती एक रुपया पडताना जगाच्या खिशातून सुमारे 340 रुपये गेले. पैसा मिळवण्याचा याहून उधळा मार्ग सापडणं कठीण.

तो एक रुपयाही होडीतल्या पोराला मिळत नाही. त्याच अभ्यासानुसार खंडणीतला 30 ते 75 टक्के वाटा पैसा लावणाऱ्याच्या घशात जातो. जिवावर उदार होऊन शिडी चढणाऱ्याला एका जहाजामागे 30,000 ते 75,000 डॉलर मिळतात. सोमालियासारख्या मोडलेल्या देशात ही रक्कम आयुष्य बदलणारी असते, म्हणून होडीत बसायला माणसं कमी पडत नाहीत. समुद्रात कितीही जण पकडले, तरी किनाऱ्यावरचा सावकार मोकळाच राहतो. चाचेगिरीचं मूळ पाण्यात नाही, जमिनीवर आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होतं.

हे सत्य आपल्या भागाला नवं नाही. अठराव्या शतकात मालवणचा किनारा कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. तिथल्या आरमाराला इंग्रज ‘चाचे’ म्हणत. 1765 मध्ये त्यांनी सिंधुदुर्ग किल्ला जिंकून पाहिला, पण उपद्रव संपला नाही. तो संपला 1812 च्या तहानं, आणि त्या तहामागचं राजकारण किनाऱ्यावरचं नव्हतं, घाटावरचं होतं. चिकोडी आणि मनोळी या तालुक्यांवरून पेशवे आणि कोल्हापूर यांचं वैर पेटलं होतं. निपाणीचे सिधोजीराव नाईक निंबाळकर पेशव्यांच्या बाजूनं कोल्हापूरला नमवायला उतरले होते. त्या रेट्यात कोल्हापूरला इंग्रजांचं संरक्षण घ्यावं लागलं आणि त्याच्या मोबदल्यात मालवण बंदर गेलं. तोफांनी जे 1765 मध्ये साधलं नाही, ते चिकोडीच्या जमिनीच्या भांडणानं साधून दिलं.

तोफा होत्या, संयमही होता

माझगाव गोदीत बांधलेली आयएनएस कोलकाता 16 ऑगस्ट 2014 रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. वजन सुमारे 7,500 टन, लांबी 160 मीटरच्या वर. तिच्यावर 16 ब्राह्मोस क्षेपणास्त्रं मावतात, ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगानं जाणारी. 76 मिलिमीटरची तोफ आहे. आणि चार एके-630 तोफा, त्यांतली प्रत्येक मिनिटाला 5,000 च्या आसपास गोळ्या झाडू शकते. समोर 35 माणसं आणि त्यांच्या हातातल्या बंदुका. मनात आणलं असतं तर ‘रुएन’ काही मिनिटांत तळाला गेलं असतं, आणि त्याबरोबर 17 निरपराध माणसंही.

असं घडू शकतं याचा कडू अनुभव नौदलाच्या गाठीशी होता. 18 नोव्हेंबर 2008 रोजी आयएनएस तबरनं एडनच्या आखातात एका संशयित जहाजाला थांबायला सांगितलं. त्या जहाजावरून गोळीबार झाला, तबरनं प्रत्युत्तर दिलं आणि जहाज पेट घेऊन बुडालं. नंतर उघड झालं की ते चाच्यांनी नुकतंच पळवलेलं थायलंडचं मासेमारी जहाज होतं. त्यावरच्या 16 मच्छीमारांपैकी एकच जिवंत सापडला.

2024 मध्ये घड्याळ वेगळ्या रीतीनं चाललं. 15 मार्चला पहाटेच्या सुमारास कोलकातानं ‘रुएन’ला गाठलं. आधी ड्रोन पाठवून जहाजावर सशस्त्र चाचे असल्याची खात्री केली. चाच्यांनी ड्रोन पाडलं, नौकेवर गोळ्या झाडल्या. तरीही कोलकातानं नेम धरून मारा केला तो जहाजाच्या सुकाणू यंत्रणेवर आणि दिशादर्शक साधनांवर. जहाज पंगू होऊन थांबलं. मग तासनतास बोलणी. सोबतीला आयएनएस सुभद्रा आली, आकाशात पी-8आय टेहळणी विमान आणि मानवरहित विमान घिरट्या घालत राहिलं. हवाई दलाचं सी-17 हे अजस्र विमान दहा तासांची भरारी मारून आलं आणि त्यानं दोन रबरी होड्या आणि नौदलाचे ‘मार्कोस’ कमांडो थेट भर समुद्रात पॅराशूटनं उतरवले. अशा पाण्यात, अशा अंतरावर, दोन सैन्यदलांचा असा ताळमेळ ही फार मोठी गोष्ट आहे. 16 मार्चच्या संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. बल्गेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भारताचे जाहीर आभार मानले.

16 ब्राह्मोस होती, एकही सुटलं नाही. 40 तास होते, ते सगळे वापरले गेले. या लढाईत सगळ्यात भारी ठरलेलं शस्त्र म्हणजे तो वेळ.

कोर्टापर्यंतचा प्रवास

35 चाच्यांना घेऊन कोलकाता 23 मार्चला मुंबईत आली आणि त्यांना पोलिसांच्या स्वाधीन केलं. पकडलेल्या चाच्यांचं करायचं काय, हा जगभरातल्या आरमारांना पडलेला प्रश्न आहे. अनेक देशांनी त्यांना शस्त्रं काढून घेऊन सोडूनही दिलं. भारतानं 2011 मध्ये जानेवारी ते मार्च या तीनच महिन्यांत, लक्षद्वीपच्या आसपास आणि त्यापलीकडे चार कारवायांमध्ये 15, 28, 61 आणि 16 असे मिळून 120 चाचे पकडून मुंबईत आणले. त्यांचे खटले चालवताना चाचेगिरीवर स्वतंत्र कायदाच नव्हता. ती उणीव 2022 च्या सागरी चाचेगिरी विरोधी कायद्यानं भरून काढली. किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपलीकडचा खुला समुद्रही त्यात आला. ‘रुएन’च्या चाच्यांना त्याच कायद्यानं कोर्टापुढे उभं केलं गेलं.

आपला वाटा

‘ऑपरेशन संकल्प’च्या त्या शंभर दिवसांत नौदलानं 18 घटनांमध्ये धाव घेतली. 110 जीव वाचवले, त्यांत 45 भारतीय होते. उरलेले 65 परक्या देशांचे. एकट्या आयएनएस सुमित्रानं जानेवारी 2024 मध्ये अवघ्या 36 तासांत दोन मासेमारी जहाजं सोडवली, एकावर 17 इराणी, दुसऱ्यावर 19 पाकिस्तानी मच्छीमार. बुडत्याचा देश विचारायचा नाही हा दर्याचा जुना धर्म, आणि तो आपल्या नौदलानं पाळला याचा अभिमान वाटायलाच हवा.

याच काळात 15 लाख टन माल नौदलाच्या संरक्षणाखाली पुढे गेला. खतं, कच्चं तेल आणि तेलाचे पदार्थ त्यात होते. इथे समुद्र थेट आपल्या शिवारात येतो. चिकोडी-निपाणी भागातल्या उसाला लागणाऱ्या पोटॅशसाठी भारत जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. ट्रॅक्टरमधलं डिझेल ज्या कच्च्या तेलातून येतं, त्यातलं 85 टक्क्यांच्या वर बाहेरून येतं. रशिया-युक्रेनकडून येणारं सूर्यफुलाचं तेल तांबड्या समुद्राच्याच वाटेनं येतं. ती वाट धोक्याची झाली आणि जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, की आशिया-युरोप प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबतो. बेळगावच्या फाउंड्रीतून परदेशी जाणाऱ्या सुट्या भागांनाही तोच वळसा, तेच वाढीव भाडं.

म्हणून सीमाभागातल्या शाळा-कॉलेजांना एक कळकळीची विनंती आहे. लष्कर भरतीची तयारी आपल्याकडे गावोगाव होते, मैदानं पहाटेपासून गजबजलेली असतात. त्याच मुलामुलींना नौदल, तटरक्षक दल आणि व्यापारी जहाजांवरच्या नोकऱ्यांचीही माहिती द्या. पोहणं शिकवा, नकाशावर एडनचं आखात दाखवा, वरचे हिशेब फळ्यावर सोडवून घ्या. पावणेतीन महाराष्ट्रांएवढ्या पाण्यावर एक नौका पहारा देते, आणि तिच्यावर चढायला शेवटी माणसंच लागतात. ती आपल्या गावांतूनही गेली पाहिजेत.